जनरेटरवर ठीक, बॅटरीवर येताच आरसीसीबी पडतो: न्यूट्रल आणि अर्थचा दोष कसा शोधावा

ज्या बागांपर्यंत, फार्महाउसपर्यंत आणि डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत महावितरणची लाइन पोहोचलेली नाही, तेथून एकच तक्रार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. जनरेटर चालू असेपर्यंत सगळे व्यवस्थित चालते. जनरेटर बंद करून इन्व्हर्टर बॅटरीवर आला, की मेन बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे बहुतेक वायरमन ज्याला ईएलसीबी म्हणतात तो, जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहातला फरक, म्हणजे गळती, ओळखून वीज तोडणारा स्विच, काही क्षणांत पडतो. यावरून घरमालक, वायरमन आणि कधी कधी विक्रेताही एकाच निष्कर्षावर येतात, की जनरेटर चांगला आहे आणि इन्व्हर्टर खराब आहे. माझ्या अनुभवात हा निष्कर्ष बहुतेक वेळा उलटा असतो. ज्या पुरवठ्यावर आरसीसीबी पडतो, तेथे संरक्षण जिवंत असते. ज्यावर तो कधीच पडत नाही, तेथे ते मुळात अस्तित्वातच नसण्याची शक्यता मोठी असते.

राजापूर तालुक्यातल्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, एका हापूसच्या बागेतले उदाहरण घेतो, कारण तेथे या दोषाचे सगळे थर एकावर एक चढलेले होते. छपरावर सौर पॅनेल, ४८ व्होल्टची बॅटरी, ५ केव्हीएचा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर आणि ढगाळ दिवसांसाठी ५ केव्हीएचा सिंगल फेज जनरेटर अशी रचना होती. जनरेटरची वायर इन्व्हर्टरच्या एसी इनपुटला जात होती, इन्व्हर्टरचे आउटपुट मेन डीबीत, म्हणजे मेन बोर्डात, येत होते, आणि तेथे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून घर, आंबा भरण्याची शेड आणि विहिरीवरचा पंप अशा तीन लाइन निघत होत्या. दोन वर्षांत आरसीसीबी दोनदा बदलला गेला होता, अर्थिंगचा एक नवा खड्डा खणला गेला होता, इन्व्हर्टर एकदा कंपनीकडे जाऊन ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आला होता, आणि शेवटी कोणीतरी आरसीसीबीला वळसा घालून वायर थेट जोडून दिली होती. पंपाच्या लोखंडी पॅनेलला हात लावणारी माणसे अनवाणी आणि ओल्या जमिनीवर उभी असतात, हे लक्षात घेतले तर हा शेवटचा उपाय किती घातक होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

बागेच्या मालकांनी सांगितलेली एक जुनी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. सुरुवातीच्या वर्षी आरसीसीबी फक्त काही सकाळी, पंप लावल्यावर पडत असे. त्याच काळात शेडमधल्या वायरमनला एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती: जनरेटर चालू असताना टेस्टर फेजच्या भोकात पेटत नव्हता आणि न्यूट्रलच्या भोकात लखलखीत पेटत होता. त्याने आधी दोन वायरी उलटसुलट करून पाहिल्या, मग ‘न्यूट्रल अर्थ करायचा असतो’ हे ऐकीव ज्ञान वापरून शेडच्या बोर्डात एक जोड दिला. टेस्टर सुतासारखा सरळ झाला. पण त्या दिवसापासून बॅटरीवर आरसीसीबी टिकेनासा झाला.

न्यूट्रल हा आपोआप न्यूट्रल नसतो

महावितरणच्या पुरवठ्यात न्यूट्रलच्या वायरला हात लागला तरी सहसा धक्का बसत नाही, याचे कारण त्या वायरच्या रंगात नाही. ट्रान्सफॉर्मरपाशी ती वायर जमिनीशी जोडलेली असते, म्हणून तिचा दाब जमिनीच्या जवळपास राहतो. लहान जनरेटरमध्ये मात्र वाइंडिंगची दोन टोके बाहेर येतात आणि बहुतेक वेळा त्यांपैकी एकही जनरेटरच्या बॉडीला जोडलेले नसते. यालाच फ्लोटिंग न्यूट्रल म्हणतात. दोन टोकांमध्ये २३० व्होल्ट असतात, पण त्यांपैकी कोणते फेज आणि कोणते न्यूट्रल, हे जमिनीच्या दृष्टीने ठरलेलेच नसते. म्हणून अशा जनरेटरवर टेस्टर बहुधा दोन्ही भोकांत मंद पेटतो.

आता अशा तरंगत्या पुरवठ्यावर पंपाच्या केबलचा फेज ओलाव्यातून अर्थला टेकला, तर काय होईल? विजेला परत फिरण्यासाठी मार्गच नसल्याने गळती वाहणार नाही, आरसीसीबी पडणार नाही, आणि पंपही चालत राहील. पण फेज जमिनीला टेकल्यामुळे जमिनीच्या तुलनेत न्यूट्रलच २३० व्होल्टवर जाऊन बसेल. टेस्टर न्यूट्रलच्या भोकात पेटण्याचे कारण हेच होते. वायरी उलट झालेल्या नव्हत्या. पहिला दोष होऊन गेलेला होता आणि तो कोणालाही कळलेला नव्हता. या अवस्थेत दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा न्यूट्रल बॉडीला टेकला, तर मात्र अर्थच्या वायरमधून थेट शॉर्ट होतो, आणि अर्थची वायर कोठे तुटलेली असेल तर ते पूर्ण २३० व्होल्ट माणसाच्या वाट्याला येतात.

बॅटरीवर चित्र वेगळे असते. चांगल्या प्रतीच्या बऱ्याच ऑफ-ग्रिड इन्व्हर्टरांमध्ये एक अंतर्गत रिले असतो. इन्व्हर्टर स्वतः वीज तयार करतो, तेव्हा हा रिले आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडतो. बाहेरून जनरेटरची वीज आत आली, की तो जोड सोडतो, कारण येणाऱ्या पुरवठ्याने आपला जोड सोबत आणला असेल असे तो धरून चालतो. आपल्याकडचा जनरेटर तो जोड आणत नाही. त्यामुळे जनरेटर बंद होताच आधीपासून असलेला ओलाव्याचा दोष प्रथमच उघडा पडतो, आणि खापर इन्व्हर्टरवर फुटते.

मोजमाप कोणत्या क्रमाने करावे

क्रम चुकला, तर एका दोषामुळे दुसरा झाकला जातो, म्हणून हा भाग सावकाश करावा. वायरी सोडताना किंवा जोडताना जनरेटर बंद, बॅटरीचा आयसोलेटर खाली आणि सौर पॅनेलची लाइन तोडलेली असावी. चालू पुरवठ्यावरची मोजमापे परवानाधारक वायरमननेच करावीत.

पहिले मोजमाप एकट्या जनरेटरचे करावे. त्याची वायर इन्व्हर्टरपासून सोडून, इंजिन चालू करून फेज ते न्यूट्रल, फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे तीन आकडे लिहून घ्यावेत. बागेतल्या जनरेटरवर ते अनुक्रमे २२८, ११८ आणि १०९ आले. हे निम्मे-निम्मे आकडे पाहून ‘जनरेटर प्रत्येक वायरमधून ११० व्होल्ट देतो’ असा समज करून घेऊ नये. डिजिटल मल्टीमीटर इतका नगण्य प्रवाह घेतो, की फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारा नाममात्र दाबही त्याला खराखुरा वाटतो. खात्रीसाठी फेज आणि बॉडी यांच्यामध्ये १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावावा. तो पेटला नाही, तर न्यूट्रल तरंगता आहे. तो मंद पेटला आणि दोन्ही बाजूंना ११५ व्होल्ट स्थिर राहिले, तर सावध व्हावे: वाइंडिंगचा मधला बिंदू बॉडीला जोडलेला आहे, आणि अशा जनरेटरचे एक टोक बॉडीला जोडले, तर अर्धे वाइंडिंग शॉर्ट होऊन जळेल.

इंजिन बंद करून ओहम मोजण्याची पद्धतही उपयोगी आहे, पण तिची एक मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाही. वाइंडिंगचा स्वतःचा रोध ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असल्याने, एक टोक बॉडीला जोडलेले असेल तर दोन्ही टोके बॉडीला जोडल्यासारखी दिसतात. जोड आहे की नाही एवढेच त्यातून कळते. तो कोणत्या टोकाला आहे, हे इंजिन चालू असतानाच कळते.

दुसरे मोजमाप इन्व्हर्टरचे. डीबीकडे जाणारी आउटपुटची वायर सोडून, बॅटरीवर असताना आउटपुटचा न्यूट्रल ते अर्थ किती दाब आहे ते पाहावे. येथे तो जवळजवळ शून्य होता. मग जनरेटर सुरू करून इन्व्हर्टरला तो स्वीकारू द्यावा. रिलेचा ‘टक’ असा आवाज येतो आणि त्यानंतर तोच आकडा पुन्हा पाहावा. तो शंभरच्या वर उडी मारत असेल, तर जनरेटरवर असताना संपूर्ण घर तरंगते आहे, हे सिद्ध झाले.

तिसरे मोजमाप घरातल्या लाइनांचे, आणि सर्वांत जास्त वेळ येथेच वाया जातो. दोष कोणत्या लाइनवर आहे हे शोधण्यासाठी बहुतेक जण एकेक एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की लाइन तोडणारा छोटा स्विच, खाली पाडून पाहतात. फेजची गळती असेल तर ही पद्धत चालते. पण न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले असतील तर ती फसते, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल लिंकमध्ये, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र जोडलेल्या पट्टीत, तसाच जोडलेला राहतो. म्हणून पुरवठा पूर्ण बंद करून न्यूट्रल लिंकमधल्या सगळ्या काळ्या वायरी सोडाव्यात, उपकरणांचे प्लग काढावेत, सर्ज संरक्षक वेगळे करावे आणि प्रत्येक लाइन ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, अर्थशी तपासावी. १ मेगओहमपेक्षा कमी वाचन असलेली लाइन चांगली मानता येत नाही.

घराची लाइन उत्तम होती. शेडच्या लाइनवर न्यूट्रल ते अर्थ सरळ शून्य आले. शेडचा बोर्ड उघडल्यावर, काळ्या वायरींच्या लिंकपासून हिरव्या वायरीच्या स्क्रूपर्यंत गेलेला, बोटभर लांबीचा तांब्याचा तुकडा दिसला. दोन्ही टोके नीट आवळलेली होती; काम मनापासून केलेले होते, फक्त जागा चुकलेली होती.

एक जोड आवश्यक, दुसरा जोड घातक

या तुकड्याने काय केले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. बॅटरीवर असताना एक जोड इन्व्हर्टरच्या रिलेत होता आणि दुसरा शेडमध्ये, म्हणजे आरसीसीबीच्या पुढे, लोडच्या बाजूला. त्यामुळे परतीच्या प्रवाहाला दोन वाटा मिळाल्या: एक न्यूट्रलची आणि दुसरी अर्थच्या वायरची. शेडमध्ये ५०० वॅटचा लोड असेल तर प्रवाह सुमारे २.२ अँपिअर होतो. त्यातला फक्त २ टक्के भाग अर्थच्या वाटेने गेला तरी ४४ मिलिअँपिअर होतात, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. नवा आरसीसीबी बसवला तरी तो पडणारच, कारण तो आपले काम बरोबर करीत असतो.

जनरेटरवर मात्र इन्व्हर्टरचा रिले सुटलेला, जनरेटर तरंगता, आणि शेडमधला जोड एवढाच संपूर्ण यंत्रणेतला एकमेव जोड. दोन वाटा नसल्याने आरसीसीबी पडत नव्हता. पण पंपाचा फेज अर्थला टेकला, तर गळतीचा प्रवाह अर्थमधून शेडपर्यंत येऊन, त्या तुकड्यातून न्यूट्रलमध्ये शिरून आरसीसीबीतूनच परत जात होता. जाणारा आणि येणारा प्रवाह समान दिसत असल्यामुळे आरसीसीबी पूर्ण आंधळा झाला होता. त्यावरचे टेस्टचे बटण दाबले तर तो पडत असे, आणि म्हणून सगळे निश्चिंत होते. ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यामधल्या अंतर्गत रोधातून कृत्रिम असमतोल निर्माण करते. अर्थिंगशी त्याचा काहीही संबंध नसतो. अर्थची वायर मुळीच नसली तरी ते बटण ‘उत्तीर्ण’ म्हणते.

तुकडा काढला, आरसीसीबीला घातलेला वळसाही काढला. अपेक्षेप्रमाणे बॅटरीवरचे सततचे ट्रिपिंग थांबले, आणि पंपाचा एमसीबी वर केल्यावर जनरेटरवर टेस्टर पुन्हा उलटा पेटू लागला. यानंतर जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये न्यूट्रल बॉडीला आणि बॉडी मुख्य अर्थला जोडली, मुख्य वायरच्याच जाडीच्या हिरव्या वायरने आणि क्रिंप केलेल्या लगने. जनरेटर सुरू केला, पंप लावला, आणि दोन वर्षांत प्रथमच जनरेटर चालू असताना आरसीसीबी पडला. मालकांचा चेहरा उतरला, पण मला त्या क्षणी हायसे वाटले.

त्यानंतर पंपाची केबल तपासणे सोपे होते. विहिरीच्या काठाशी, जेथे पाइपच्या सांध्यातून पाणी ठिबकत होते, तेथे केबलला साध्या चिकटपट्टीचा जोड होता. तेथे फेज ते अर्थ सुमारे ११ किलोओहम आले, म्हणजे २३० व्होल्टवर २१ मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडू नये आणि ३० वर पडलाच पाहिजे, अशी मानकाची अट असते. मधल्या पट्ट्यात तो कधी पडतो, कधी पडत नाही. ‘काही सकाळी पडतो, काही सकाळी नाही’ या जुन्या तक्रारीचा उलगडा येथे झाला. जोड कापून पाणबंद रेझिनचा नवा जोड केला आणि तो काठापासून वर घेतला.

जोड कोठे द्यावा

नियम एकच आहे: कोणत्याही क्षणी, ज्या पुरवठ्यावर घर चालते आहे, त्यात न्यूट्रल आणि अर्थ यांचा एक आणि एकच जोड असावा, आणि तो आरसीसीबीच्या आधी, उगमाच्या बाजूला असावा. वरच्या उदाहरणासारखा रिले असलेला इन्व्हर्टर असेल, तर जनरेटरपाशी कायमचा जोड योग्य. इन्व्हर्टरमध्ये रिले नसेल आणि इनपुटचा न्यूट्रल आतून सरळ आउटपुटला जात असेल, तर इन्व्हर्टरनंतर पण आरसीसीबीच्या आधी एक कायमचा जोड दोन्ही पुरवठ्यांना पुरतो, आणि मग जनरेटरपाशी जोड देऊ नये. जनरेटरवर स्वतःचा आरसीसीबी असलेले सॉकेट असेल, तर जोड त्या आरसीसीबीच्याही आधी लागतो.

काही स्वस्त इन्व्हर्टरांमध्ये बॅटरीची बाजू आणि २३० व्होल्टची बाजू एकमेकांपासून अलग नसतात. त्यांच्या आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडला तर इन्व्हर्टर जागीच फुंकला जातो. इन्व्हर्टर पद्धतीच्या लहान, कमी आवाजाच्या जनरेटरांबाबतही कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच जोड द्यावा.

‘एमसीबी आहे ना, मग आरसीसीबी कशाला’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांत देतो. सड्यावर वीतभर माती आणि खाली जांभा. तेथे अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १०० ओहम असणे अजिबात असामान्य नाही. ज्या उपकरणाचे अर्थ फक्त स्वतःच्या खड्ड्यावर आहे, त्याचा फेज बॉडीला लागला तर २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागणार नाही. अर्थची वायर तांब्याने थेट जनरेटरपर्यंत नेली तरी अडचण पूर्ण सुटत नाही, कारण १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात, आणि ५ केव्हीएचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर, ज्याची क्षमताच सुमारे २२ अँपिअर आहे, तो एवढा प्रवाह देऊ शकत नाही. ऑफ-ग्रिड ठिकाणी माणसाला वाचवणारे उपकरण आरसीसीबीच आहे.

अर्थिंगचा इलेक्ट्रोड शक्यतो सड्यावर न ठेवता खालच्या मातीच्या, ओलसर जागेत घ्यावा, पट्टीने वर आणावा, आणि त्याचे मोजमाप पावसाळ्यात न करता मे महिन्यात करावे. जनरेटरसाठी वेगळा खड्डा असेल, तर तो घराच्या अर्थशी जोडलेला असलाच पाहिजे.

थ्री फेज जनरेटर असणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तेथे ‘न्यूट्रल तरंगतो’ हे शब्द अनेकदा न्यूट्रलची वायर तुटल्याबद्दल वापरले जातात. तो दोष वेगळा आहे: न्यूट्रल सुटला की दोन फेजमधल्या सुमारे ४०० व्होल्टची वाटणी लोडनुसार होते, आणि ज्या फेजवर कमी लोड आहे तेथली उपकरणे जळतात. त्याचा उपाय अर्थिंगमध्ये नसून न्यूट्रलचा लग आवळण्यात आहे. तसेच पुढे महावितरणची जोडणी आली, तर चेंजओव्हर स्विच न्यूट्रलही तोडणारा घ्यावा, म्हणजे सिंगल फेजसाठी दोन पोलचा आणि थ्री फेजसाठी चार पोलचा. नाहीतर जनरेटरपाशी दिलेला योग्य जोडच त्या दिवसापासून दुसरा जोड ठरेल.

काम संपल्यावर दोन चाचण्या दोन्ही पुरवठ्यांवर स्वतंत्रपणे कराव्यात. जनरेटर ते इन्व्हर्टर जाणाऱ्या हिरव्या वायरवर क्लॅम्प मीटर लावून लोड चालू करावा. तेथे प्रवाह शून्याच्या जवळ असावा, अँपिअरमध्ये काही दिसले तर दुसरा जोड अजून कोठेतरी शिल्लक आहे. त्यानंतर कोणीही धातूच्या बॉडीला हात लावलेला नाही याची खात्री करून, शेडच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थच्या पिनेमध्ये तोच १५ वॅटचा बल्ब लावावा. तो ६५ मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे आरसीसीबी तत्काळ पडलाच पाहिजे. बागेत तो बॅटरीवर पडला आणि जनरेटरवरही पडला.

निघण्यापूर्वी मेन डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला, त्यावर पुढच्या वायरमनसाठी लिहिले: ‘न्यूट्रल-अर्थ जोड: जनरेटर चालू असताना जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, बॅटरीवर असताना इन्व्हर्टरच्या आत. शेड, पंप किंवा घर यांच्या कोणत्याही बोर्डात जोड देऊ नये.’ खाली तारीख घातली आणि मेगरची तिन्ही लाइनांची वाचने लिहून ठेवली.